काळ्या बांधणीचे पुस्तक

आमच्या भागात इंजिनिअर झालेल्या कुठल्याही मुलाच्या घरी जा. पुढच्या खोलीत भैरवनाथाची तसबीर, तिच्या खाली शोकेस, शोकेसमध्ये दोन-चार ढाली आणि खालच्या कप्प्यात एक काळ्या पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड पुस्तक हमखास सापडेल. घरात ते कुणीच वाचलेले नसते. आई मात्र ते दर दिवाळीला पुसून ठेवते.

मुले त्याला 'ब्लॅक बुक' म्हणतात. संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांनी मिळून एखादी कामाची प्रणाली तयार करायची, बाहेरून आलेल्या परीक्षकांना चालवून दाखवायची आणि तिचा अहवाल असा बांधून कॉलेजात द्यायचा, असा रिवाज आहे. एक प्रत घरी येते.

मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. बी.ए. झालो तेव्हा आमच्या विद्यापीठाचे नाव नुसते मराठवाडा विद्यापीठ होते. संगणक पन्नाशी उलटल्यावर पाहिला. पण इतिहासवाल्याला जुने बाड दिसले की उघडावेसे वाटतेच. गेल्या काही वर्षांत सोनारी, परांडा, बार्शी इथल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी चहाच्या निमित्ताने अशी वीस-पंचवीस काळी पुस्तके चाळली. इंग्रजी फाडफाड येत नाही, पण आकृत्या कळतात, आणि न कळलेले विचारायला तो पोरगा समोर असतोच. मग हा रिवाज आला कुठून, याचा शोध घेऊ लागलो. त्याचीच ही हकीकत.

आपल्याकडे या गोष्टीचा आरंभ मुंबईत होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने संगणक बांधायला घेतला. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक नुसता पाहिलेलाही नव्हता. तो फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. सुमारे २७०० निर्वात नळ्या, आणि स्मरणशक्ती थोडक्याच शब्दांची. त्यातला शब्द म्हणजे आपला शब्द नव्हे, चाळीस शून्य-एकांचा एक संच. आजच्या मापात काही किलोबाइट. माझा हा लेखसुद्धा त्यात मावला नसता!

पदवीच्या वर्गातल्या मुलांनी प्रत्यक्ष वापरात येणारी प्रणाली लिहिली, याचे गाजलेले उदाहरण मात्र अमेरिकेतले आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन शिक्षक होते. संगणक फक्त शास्त्रज्ञांसाठी न राहता कॉलेजातल्या सगळ्या मुलांना, इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्यांनासुद्धा, वापरता यावा असे त्यांच्या मनात आले. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. एक सोपी भाषा, आणि एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था. भाषा म्हणजे 'बेसिक'. ती व्यवस्था लिहिण्याचे काम त्यांनी मोठ्या कंपनीला दिले नाही, आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना दिले. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी बेसिकचे आदेश दिले गेले आणि दोन्हींकडे उत्तरे आली. महाराष्ट्र राज्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. पुढे वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, केंद्र सरकारने काही निवडक शाळांत 'क्लास' नावाच्या योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांवर मुले जी भाषा शिकली ती हीच बेसिक. आमच्या शाळेच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. असो.

आता मला सगळ्यात जवळच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. हे काम पदवीच्या मुलांचे नव्हे, त्यापुढच्या पातळीवरचे होते, पण आले महाविद्यालयाच्या आवारातूनच. आणि त्यामुळेच मी आज हे मराठीत टंकित करू शकतो आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीत चालणारे संगणक-टर्मिनल तयार करण्याचे काम सुरू होते. प्रा. आर. एम. के. सिन्हा त्यात होते आणि मोहन तांबे हे नाव त्यात महत्त्वाचे. अडचण काय होती ते मराठी टाइपरायटर चालवलेल्या माणसाला चटकन कळेल. टाइपरायटर अक्षराचा आकार छापतो. त्याच्या कळांवर अर्धा क, अर्धा त, रफार, उकार, वेलांट्या असे तुकडे असतात आणि टंकलेखक ते तुकडे जुळवत जातो. 'किती' लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. आपण बोलतो मात्र उलटे. आधी क्, मग इ. संगणकालाही असेच तुकडे शिकवले असते तर हिंदी-मराठीसाठी एक यंत्र, कन्नडसाठी दुसरे, तेलुगूसाठी तिसरे, असा पसारा झाला असता. शिवाय 'किती' आणि 'कीर्तन' यांतला क एकच आहे, हेही यंत्राला समजले नसते.

कानपूरच्या मंडळींनी आकार सोडला आणि उच्चार धरला. आपल्या सगळ्या लिप्यांची घडण वर्णमालेवर आहे. क ख ग घ बहुतेक ठिकाणी त्याच क्रमाने येतात, रूप तेवढे वेगळे. मग साठवायचे ते वर्ण. क, नंतर हलन्त, नंतर ष, एवढे दिले की 'क्ष' कसा काढायचा ते यंत्राने पाहावे. लिहिणाऱ्याने उच्चाराच्या क्रमाने कळा दाबाव्यात. म्हणजे एकच मजकूर देवनागरीत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा, आत साठवलेले तेच.

मी पस्तीस वर्षे फळ्यावर बाराखडी पाहिली, पण तिच्यात इतका ऐवज दडला आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. प्राचीन काळापासून चालत आलेली वर्णांची मांडणी, आणि यंत्राची सोय तिच्यातूनच निघाली! हे वाचले त्या दिवशी मी घरात दोनदा सगळ्यांना ऐकवले, शेवटी सौ. म्हणाली, "कळलं हो, क नंतर ख येतो." (तिचेही बरोबरच.)

या तंत्राला 'जिस्ट' नाव मिळाले. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने, आणि सर्व भारतीय लिप्यांना जागा त्याच. मी तोच वापरतो, आठवड्यात हात बसतो, ज्यांनी अजून घेतला नसेल त्यांनी घ्यावा. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक स्थापन झाली, विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. महासंगणक 'परम' १९९१ चा. त्याचेच नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याच संस्थेत कानपूरचे जिस्टचे कामही आले आणि त्याचे कार्ड निघाले, हे थोड्यांना ठाऊक असते. साध्या संगणकात ते कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमही आपल्या लिपीत चालायचे. वर्ण साठवण्याची पद्धत 'इस्की' या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यात देवनागरीची मांडणी घेतली गेली ती इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून. आज तुमच्या मोबाइलवर मराठी निरोप येतो, तेव्हा त्यामागे हा सगळा प्रवास असतो.

मराठीचे काही प्रश्न उरले होतेच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या घळी. दोन्हींत र आणि य यांचेच जोडाक्षर, पण लिहिण्यात फरक, आणि हिंदीला हा फरक लागत नाही. युनिकोडमध्ये ऱ ला वेगळी जागा आहे आणि त्याला हलन्त जोडून हा अर्धा र निघतो. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडले. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला. शुद्धलेखनाचे पेपर तपासणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टी छोट्या वाटत नाहीत.

दरम्यान आमच्याकडे काय चालले होते? आयआयटींमध्ये संगणकशास्त्राची पदवी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि त्याच लाटेत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, तेरणा ट्रस्टचे महाविद्यालय आले. तोवर आमच्या मुलाला इंजिनिअर व्हायचे तर औरंगाबाद, पुणे, कराड, सांगली. शिक्षण महाग झाले, त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे, मी वेगळे काय बोलणार. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा संगणक शाखेला जाऊ लागला तो यानंतरच, हेही खरे.

त्यांची काळी पुस्तके पाहिली की काळ्या मातीचे थर पाहिल्यासारखे वाटते. जुन्या थरात लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, पेरोल. सगळे व्हिज्युअल बेसिकमध्ये, माहिती ॲक्सेसमध्ये. त्यावरच्या थरात पीएचपी आणि मायएसक्यूएल, म्हणजे वेबसाइटी. त्यावर अँड्रॉइड. अलीकडे चेहरा पाहून हजेरी लावणारे, पानाचा फोटो पाहून पिकाचा रोग सांगणारे. प्रस्तावना मात्र एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक आणि शेवटच्या ओळीत आई-वडील. काही गट प्रोजेक्ट तयार विकत आणत, आणतात. शहरात त्याची दुकानेच आहेत. परीक्षकही कधी कधी एवढेच म्हणतो, "एक रेकॉर्ड टाकून दाखव, आता डिलीट करून दाखव." झाली परीक्षा. अशी पुस्तके मी दोन मिनिटांत मिटली.

पण त्या पंचवीसांतले एक मी घरी मागून आणले आणि आठवडाभर ठेवले. ऊसतोडणीच्या क्रमाची प्रणाली. करणारा मुलगा आमच्या शाळेचा, दहावीला इतिहासात जेमतेम, गणितात हुशार. कारखान्याच्या शेतकी विभागात उसाची नोंद असते. शेतकरी, गट नंबर, क्षेत्र, जात, लागवडीची तारीख. तोडणी त्या तारखेच्या क्रमाने व्हावी हा नियम. या मुलांनी पहिल्यांदा सरळ तारखेने क्रम लावून दिला आणि स्लिप बॉयला दाखवला. तो हसला म्हणे. खोडव्याला लागवडीची तारीख कुठली? तिथे मागच्या तोडणीची तारीख धरायची. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, सुरू बाराच्या आसपास येतो, त्यांना एका माळेत ओवून कसे चालेल? एका गटात चार भावांची वहिवाट, सातबारा एक, नोंदी चार. टोळी एका शिवारात उतरली की शेजारचा दोन दिवस मागे असलेला फडही उरकते, नाहीतर ट्रॅक्टरच्या फेऱ्या परवडत नाहीत. हे एकेक कळत गेले तसे मुलांनी आराखडा तीनदा मोडला. पुस्तकात पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही आराखडे छापले आहेत आणि प्रत्येकाखाली तो का टाकून दिला ते लिहिले आहे. मार्गदर्शक बाईंनी तसे करायला लावले, असे तो सांगतो. त्या बाईंना माझा नमस्कार.

तोडणी आठ-पंधरा दिवस लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि पुढचे पीक पुढे ढकलले जाते. ते एका घराचे वर्षाचे गणित असते. त्या मुलाच्या वडिलांचाच ऊस एका हंगामात मार्चअखेरपर्यंत उभा होता. विषय त्याला घरातच मिळाला होता.

दुसरी हकीकत एका शाळेची, नाव सांगत नाही. तिथे साधारण २००० नंतर एका माजी विद्यार्थ्याच्या गटाने प्रोजेक्ट म्हणून जनरल रजिस्टरची प्रणाली करून दिली. नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाचा दिवस, आणि बटण दाबले की शाळा सोडल्याचा दाखला छापून हातात. कारकून खूश. हजारो नोंदी भरल्या गेल्या. पुढे संगणक बदलला आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे असा खिचडा दिसू लागला. कारण असे, की त्या काळी युनिकोड घरोघरी पोचले नव्हते. मराठी फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षर साठवायचे आणि त्याचे चित्र तेवढे मराठी काढायचे. तो फाँट गेला की चित्र गेले. कागदाचे मूळ रजिस्टर जागेवर होते म्हणून आभाळ कोसळले नाही, पण चार-पाच वर्षांची मेहनत वाचता येईना. लोक दाखल्यासाठी येत, कारकून पुन्हा जाडी रजिस्टरे उघडून बसे.

ते सोडवले तेही विद्यार्थ्यांनीच, दहा-बारा वर्षांनंतरच्या तुकडीतल्या दोन मुलींनी. काम ऐकायला सोपे. जुन्या फाँटातल्या प्रत्येक चिन्हासमोर युनिकोडमधले अक्षर लिहायचे आणि बदलत जायचे. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, ती उचलून नंतर न्यायची. रफार उलट, अक्षराच्या नंतर साठवलेला, तो र् करून आधी आणायचा. 'अर्क' सोपा, पण 'कार्तिकी'त वेलांटी आणि रफार दोन्ही, एकीला इकडे आणि दुसऱ्याला तिकडे हलवावे लागते, आणि आधी कोणाला हलवायचे याचा क्रम चुकला की भलतेच नाव तयार. मुलींनी तपासणीसाठी आमच्या भागातल्या नावांची यादी मागितली, ती मी दिली. तुर्की, कुर्डू, शिर्डी, आर्वी, दत्तात्रय, ज्ञानेश्वर, कृष्णाबाई... पेपर काढताना मुलांना अडवण्यासाठी जशी यादी करायचो तशीच केली. यंत्र दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा सगळी बरोबर आली. त्यांच्या काळ्या पुस्तकाच्या आभाराच्या पानावर माझे नाव आहे, आई-वडिलांच्या वरच्या ओळीत. कुठेतरी बढाई मारायची होती, ती मारून घेतली. :)

अशा कामाची मोठी गोची म्हणजे ते मे महिन्यात संपते. मुले नोकरीला जातात, प्रणाली तिथेच. याला पुण्यात एक चांगला अपवाद घडला. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या, विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा साधारण एक किलोचा उपग्रह बांधला. काम सुरू झाले २००८ मध्ये आणि तो आकाशात गेला २२ जून २०१६ रोजी, इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ यानातून. मधल्या आठ वर्षांत किती तुकड्या आल्या आणि गेल्या, पण जाणाऱ्यांनी येणाऱ्यांच्या हाती काम दिले. उपग्रहाला दिशा धरून ठेवायला त्यांनी इंधन किंवा मोटर वापरली नाही, आत लोहचुंबक बसवून पृथ्वीच्या चुंबकत्वाकडून ते करून घेतले. आपण सहावीला होकायंत्र शिकवतो तेच. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप पोचवणे हे त्याचे काम ठरले होते.

भाषेचा अडसर मात्र राहतोच. मराठी माध्यमातला मुलगा ऊसतोडणीची गुंतागुंत स्लिप बॉयकडून मराठीत समजून घेतो आणि काळ्या पुस्तकात ती मोडक्या इंग्रजीत लिहितो. २०२१ पासून काही महाविद्यालयांना प्रादेशिक भाषेत अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडला संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. नातेवाइकांत यावर दोन तट आहेत. माझे मत असे, की पहिला आराखडा तरी मुलाने मराठीत मांडावा. खोडव्याला इंग्रजीत काय म्हणतात हे शोधण्यात त्याची संध्याकाळ जाऊ नये.

आता शेवटचे, आणि हे आपल्या घरांशी संबंधित आहे. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी दप्तर उर्दूत, घरची आणि गावची पुष्कळ लिखापढी मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरण्याची वेळ आली. घराघरांतून ट्रंका उघडल्या गेल्या. कागद होते, वाचणारे नव्हते. एका ओळीवर मुलाचा प्रवेश अवलंबून, आणि ती ओळ समोर असून कुणाला लागत नाही!

मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. आणि २०२५ मध्ये आयआयटी रूरकीच्या गटाने मोडी हस्ताक्षराच्या छायाचित्रावरून देवनागरी मजकूर काढणारी प्रणाली जाहीर केली. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा दोन हजारांहून अधिक कागदांच्या प्रतिमा आणि त्यांचे जाणकारांकडून तपासलेले लिप्यंतर तिच्यासाठी गोळा केले होते. या गटात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेली तरुण मुले होती. मोडीत हात न उचलता लिहितात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. तेव्हा यंत्राला दोन हजार पाने थोडीच आहेत, आणि परांड्याच्या बाजूचे वळण त्यात कितपत आले असेल कुणास ठाऊक.

म्हणून एक विनंती. ज्यांच्याकडे मोडी कागद असतील त्यांनी ते मला कळवावे. आपल्या नात्यातलाच एक मुलगा यंदा शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या गटाने आपल्या भागातले मोडी कागद गोळा करून त्यांची सूची करणारी प्रणाली हा विषय घेतला आहे. जुने मोडी जाणणारे एक गृहस्थ बार्शीला आहेत, ते वाचून द्यायला तयार आहेत. वय पंच्याऐंशी, तेव्हा हे लवकर व्हायला हवे. मूळ कागद कुणी पाठवू नये, मोबाइलवर फोटो काढावा. कागद सपाट जमिनीवर ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. मागची बाजूही घ्यावी, बऱ्याचदा तारीख आणि साक्षीदारांची नावे तिथे असतात. घड्यांवर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नये. कागद कोणत्या घरातला, कुणाच्या ट्रंकेतला, एवढे दोन ओळींत लिहावे. मुलांचा पहिला आराखडा ते दिवाळीनंतर दाखवणार आहेत.